एक दुकान, तीन गल्ले

'जिओहॉटस्टार' घरोघरी पोचल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आमच्याकडे येतो आहे. सिनेमे, वाहिन्या, ओटीटी, खेळ, थीम पार्क, दप्तरावरची चित्रे हे सगळे एकाच डिस्नेचे असेल, तर आतमध्ये हिशेब कोण कुणाला देतो? यावेळचे सदर त्याच प्रश्नांना दिले आहे. वेगळे सांगितले नसेल तिथे आकडे २८ सप्टेंबर २०२४ रोजी संपलेल्या आर्थिक वर्षाचे आहेत. डिस्नेचे वर्ष आपल्यासारखे मार्चअखेर संपत नाही, सप्टेंबरअखेर संपते. दोन कंपन्यांची तुलना करायला बसणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते.

प्रश्न : डिस्नेचे नेमके विभाग किती? सिनेमा, वाहिन्या आणि ओटीटी असे तीन असावेत, असा माझा समज आहे.
(बी.कॉम.ची विद्यार्थिनी, सातारा)

विभाग तीनच आहेत, पण तुम्ही म्हणता ते तिन्ही एकाच विभागात बसतात. त्या विभागाचे नाव एंटरटेनमेंट. एबीसी, एफएक्स, नॅशनल जिओग्राफिक या वाहिन्या, डिस्ने प्लस आणि हुलू ही ओटीटी सेवा आणि सिनेमांची विक्री हे सारे त्यात येते. वर्षाचे उत्पन्न ४१.१९ अब्ज डॉलर. दुसरा विभाग स्पोर्ट्स, म्हणजे मुख्यतः ईएसपीएन. उत्पन्न १७.६२ अब्ज. तिसरा एक्स्पिरियन्सेस : थीम पार्क, हॉटेले, पर्यटक जहाजे आणि खेळणी-दप्तरे-कपड्यांवरचे परवाने. उत्पन्न ३४.१५ अब्ज.

आता नफा बघा. एंटरटेनमेंट ३.९२ अब्ज, स्पोर्ट्स २.४१ अब्ज आणि एक्स्पिरियन्सेस ९.२७ अब्ज. एकूण १५.६० अब्जांपैकी शंभरातले एकोणसाठ डॉलर पार्क, जहाजे आणि परवान्यांचे. जगाला ही कंपनी कार्टूनची वाटते. पोट मात्र प्रवेशाच्या तिकिटांवर आणि हॉटेलच्या खोल्यांवर भरते.

२०२४ च्या या हिशेबात एंटरटेनमेंटच्या आत आणखी तीन कप्पे होते आणि खरी गंमत तिथे आहे. जुन्या पद्धतीच्या टीव्ही वाहिन्यांचे उत्पन्न १०.६९ अब्ज, नफा ३.४५ अब्ज. ओटीटीचे उत्पन्न त्याच्या दुप्पट, २२.७८ अब्ज, आणि नफा जेमतेम ०.१४ अब्ज. म्हणजे ज्या धंद्याचे प्रेक्षक गळत आहेत तो शंभराला बत्तीस मिळवतो, आणि ज्याच्या जाहिराती चौकाचौकात लागतात तो शंभराला त्रेसष्ट पैसे. उरलेला कप्पा सिनेमागृहांतली कमाई आणि इतरांना विकलेले हक्क यांचा : ७.७२ अब्ज उत्पन्न, ०.३३ अब्ज नफा.

तिन्ही विभागांच्या उत्पन्नाची बेरीज केलीत तर ९२.९६ अब्ज येईल. कंपनीचे जाहीर उत्पन्न मात्र ९१.३६ अब्ज आहे. बेरीज चुकलेली नाही. मधले १.६० अब्ज एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेले पैसे आहेत. एबीसी वाहिनीवर खेळ दाखवायचे तर एंटरटेनमेंट विभाग ईएसपीएनला पैसे देतो. हुलूच्या थेट टीव्ही सेवेवर ईएसपीएन दिसते, त्याचेही मोल मोजावे लागते. घरातल्या घरात झालेली अशी विक्री एकत्रित हिशेबात वजा करतात.

प्रश्न : विभाग म्हणजे स्वतंत्र कंपनी का? पिक्सार, मार्व्हल, लुकासफिल्म यांना वेगळा विभाग का नाही?
(सी.ए. आर्टिकलशिप करणारा वाचक, डोंबिवली)

तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. कायद्याने नोंदलेल्या कंपन्या शेकडो असतात, कारण देश, करार आणि कर यांच्या सोयीने त्या काढाव्या लागतात. नाममुद्रा म्हणजे प्रेक्षक ओळखतो ते नाव. आणि सेगमेंट म्हणजे हिशेबाची अशी फाळणी, जिच्यावरून कंपनीचा मुख्य निर्णयकर्ता पैसा कुठे घालायचा ते ठरवतो.

हा शेवटचा भाग तुमच्या अभ्यासात इंड एएस १०८ या भारतीय लेखामानकाच्या नावाने येतो. अमेरिकेत त्याचा जोडीदार एएससी २८० आहे. दोन्हींचे सूत्र एकच : बाहेरच्यांना तीच फाळणी दाखवा, जी वरिष्ठ आत बसून पाहतात. ज्या भागाचे उत्पन्न, नफातोटा किंवा मालमत्ता यांपैकी काहीही एकूणाच्या १० टक्के किंवा अधिक आहे, तो वेगळा दाखवावा लागतो. वेगळ्या दाखवलेल्या भागांत बाहेरून येणाऱ्या उत्पन्नाचे किमान ७५ टक्के यावे लागतात. कसोटी लावताना विद्यार्थी एक गोष्ट विसरतात. १० टक्क्यांच्या कसोटीत आंतरविभागीय विक्री धरायची असते, ७५ टक्क्यांच्या कसोटीत नाही.

हे तिन्ही सिनेमा स्टुडिओ डिस्नेने विकत घेतलेले : पिक्सार २००६ मध्ये ७.४ अब्ज डॉलरना घेतली, मार्व्हल २००९ मध्ये आणि लुकासफिल्म २०१२ मध्ये प्रत्येकी सुमारे ४ अब्जांना. तिन्हींची नावे, इमारती आणि निर्मितीप्रमुख वेगळे राहिले. पण सिनेमा वितरित करणे, ओटीटीवर टाकणे, त्याची खेळणी काढणे ही कामे त्यांच्याकडे नाहीत. स्टुडिओ माल तयार करतो, विकतो दुसरा. ज्याच्याकडे स्वतःची विक्रीच नाही, त्याचा स्वतंत्र नफातोटा मांडता येतो, पण त्या मांडणीत अंदाजच जास्त असतो.

प्रश्न : २०१८, २०२०, २०२३ अशी तीनदा या कंपनीने रचना बदलली. इतक्या मोठ्या कंपनीला एकदा नीट ठरवता येत नाही का?
(निवृत्त बँक अधिकारी, पुणे)

भांडण एकच आहे, उत्तरे बदलत गेली. सिनेमा किंवा मालिका बनवणाऱ्याच्या हातात तिजोरीची किल्ली द्यायची की विकणाऱ्याच्या?

एका सिनेमाचा प्रवास धरा. आधी सिनेमागृह. तिकिटाच्या पैशातला बराच मोठा वाटा तिथेच राहतो. अमेरिकेत ढोबळमानाने निम्मा, आणि आपल्याकडे मल्टिप्लेक्समध्ये हिंदी सिनेमाच्या वितरकाला पहिल्या आठवड्याला ५० टक्के, पुढे ४२.५, ३७.५ आणि ३० अशी उतरती भाजणी. त्यानंतर घरबसल्या भाड्याने बघण्याची सोय, मग ओटीटी, शेवटी टीव्ही. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीची गिऱ्हाईके खाते. सिनेमा ओटीटीवर लवकर आणला तर वर्गणीदार वाढतात आणि तिकिटे पडतात. उशिरा आणला तर उलटे. मग दिवस कोणी ठरवायचा?

मार्च २०१८ च्या रचनेत चार विभाग होते : वाहिन्या, स्टुडिओ, पार्क व उत्पादने आणि ओटीटी व परदेशी व्यवसाय. स्टुडिओचा स्वतःचा गल्ला होता, त्यामुळे सिनेमागृहाची कमाई सोडून माल ओटीटीला द्यायला तो सहजासहजी राजी नसायचा. फेब्रुवारी २०२० मध्ये बॉब चापेक मुख्य कार्यकारी झाले, पाठोपाठ करोनाने सिनेमागृहे बंद पाडली. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी निर्मिती आणि वितरण यांची ताटातूट केली. स्टुडिओ, सर्वसाधारण मनोरंजन आणि खेळ हे तीन गट फक्त निर्मिती करणार. कोणता कार्यक्रम कुठे, कधी दाखवायचा हे केरिम डॅनियल यांच्या हाताखालची एकच वितरण यंत्रणा ठरवणार. नफातोट्याची जबाबदारीही तिच्याकडे. त्याच डिसेंबरमध्ये डिस्ने प्लसचे २०२४ अखेर २३ ते २६ कोटी वर्गणीदार करण्याचे लक्ष्य जाहीर झाले. लक्ष्य एक आणि निर्णय घेणारा एक. कागदावर हे सुटसुटीतच होते.

बिघडले ते असे. स्वयंपाक करणाऱ्याला ताट कुणापुढे जाणार आणि बिल किती होणार, हे कळेनासे झाले. स्टुडिओप्रमुखाला खर्चाचा जाब द्यायचा, पण कमाई त्याच्या वहीत नाही. मग पुढच्या सिनेमाचा खर्च किती मंजूर करायचा हे तो कशाच्या आधारावर सांगणार? दुसरी अडचण करारांची. कलाकारांचे मानधन पुष्कळदा तिकीटबारीच्या कमाईशी बांधलेले असते. सिनेमागृह आणि ओटीटी यांत एकाच दिवशी सिनेमा आला की त्या कमाईचा पायाच हलतो. जुलै २०२१ मध्ये अभिनेत्री स्कार्लेट जोहानसनने कंपनीवर याच मुद्द्यावर दावा लावला आणि सप्टेंबरमध्ये तो तडजोडीने मिटला. तिसरी अडचण बाहेरून दिसत नाही. एकाच हाताखाली वाहिनी आणि ओटीटी दोन्ही असतील, तर ओटीटीसाठी काढलेली मालिका आधी वाहिनीवर दाखवायची आणि तिच्या खर्चाचा काही भाग वाहिनीच्या खात्यात टाकायचा, असा मोह होतो. ओटीटीचा तोटा तेवढा कमी दिसतो. भागधारकांनी २०२३ मध्ये केलेल्या दाव्यात असाच आरोप होता.

जुलै ते सप्टेंबर २०२२ या एका तिमाहीत ओटीटीचा तोटा १.४७ अब्ज डॉलरवर गेला. २० नोव्हेंबर २०२२ रोजी संचालक मंडळाने चापेक यांना हटवून आधीचे प्रमुख बॉब आयगर यांना परत आणले. दुसऱ्याच दिवशी डॅनियल जाणार असल्याचे सांगण्यात आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये आजची तीन विभागांची रचना जाहीर झाली. त्यावेळी एंटरटेनमेंट ॲलन बर्गमन आणि डॅना वॉल्डन यांच्याकडे, ईएसपीएन जिमी पिटारो यांच्याकडे, पार्क जोश डमारो यांच्याकडे होते. निर्मिती, वितरण आणि नफातोटा पुन्हा एका हातात आले. सोबत ७,००० नोकऱ्यांची कपात आणि ५.५ अब्ज डॉलरच्या बचतीचे लक्ष्य होते.

आमच्या मते २०२३ च्या रचनेत सर्वांत महत्त्वाचा बदल ईएसपीएन वेगळी काढण्याचा होता. त्याची चर्चा त्यामानाने कमी झाली. क्रीडा वाहिनीचा खर्च म्हणजे वर्षानुवर्षांचे प्रक्षेपण हक्क. मालिका पडली तर बंद करता येते, सामन्यांचे हक्क घेतले की हप्ते भरावेच लागतात. हे दोन स्वभाव एका खतावणीत ठेवले की एकाचा दोष दुसऱ्याच्या नफ्यात झाकला जातो. पण या रचनेलाही खोट आहेच. टीव्ही आणि ओटीटी एकाच विभागात असल्याने वर सांगितलेले ३.४५ आणि ०.१४ अब्ज एकत्र दिसतात. तीन कप्पे वेगळे दाखवले नसते, तर टीव्ही ओटीटीला पोसतो आहे हे कळलेच नसते. डिस्नेसारख्याच दुसऱ्या अमेरिकी माध्यम कंपन्या बघा : कॉमकास्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये केबल वाहिन्या वेगळ्या कंपनीत काढण्याचे जाहीर केले, आणि पुढच्याच महिन्यात वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने टीव्ही एका बाजूला, ओटीटी व स्टुडिओ दुसऱ्या बाजूला असे दोन भाग करायचे ठरवले. आटत जाणारी विहीर वेगळी मोजायची, एवढाच दोघींचा हेतू.

प्रश्न : माझे स्टेशनरीचे दुकान आहे. कार्टूनचे चित्र असलेले दप्तर विकले की डिस्नेला काय मिळते? मला परवाना लागतो का?
(दुकानदार, कोल्हापूर)

परवानाधारक कारखान्याचा माल पक्क्या बिलावर घेऊन विकत असाल तर तुम्हाला वेगळा परवाना लागत नाही. साध्या दप्तरावर स्वतः चित्र छापून घेतलेत, तर तो लेखाधिकाराचा (कॉपीराइटचा) आणि व्यापारचिन्हाचा (ट्रेडमार्कचा) भंग आहे. 'चित्र नेटवर फुकट होते' हे उत्तर चालत नाही.

डिस्ने सहसा दप्तर शिवत नाही, चित्र वापरायची परवानगी विकते. करारात वस्तूचा प्रकार, प्रदेश आणि मुदत ठरलेली असते. दप्तराचा परवाना असलेल्याला पाण्याची बाटली काढता येत नाही. रंग, चेहरे, अक्षरे यांची नियमपुस्तिका मिळते. आधी संकल्पचित्र, मग नमुना, मग उत्पादनातला प्रत्यक्ष नग, अशी टप्प्याटप्प्याने मंजुरी घ्यावी लागते. हंगाम चुकतो तो इथेच. जूनच्या शाळेसाठीचा नमुना मार्चमध्ये मंजुरीला पाठवणारा कारखानदार ऑगस्टमध्ये माल घेऊन बसतो.

स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) साधारणपणे घाऊक किमतीवर लागते, तुमच्या छापील किमतीवर नाही. समजा दर १० टक्के आहे आणि दप्तर घाऊक ४०० रुपयांना जाते. एका दप्तरामागे ४० रुपये झाले. करारात २० लाखांची किमान हमी असेल तर ५०,००० दप्तरे विकेपर्यंत कारखानदार फक्त ती हमी भरून काढत असतो. ३०,००० च गेली तरी २० लाख द्यायचेच. (दर आणि हमी समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येक करारात ते वेगळे असतात.) मुदत संपल्यावर उरलेला माल खपवायला ठरावीक दिवस मिळतात, त्यानंतर तो बाजारात दिसता कामा नये. कुणी असा माल निम्म्या भावात देऊ करत असेल तर परवान्याची तारीख विचारून घ्या.

हे पैसे एक्स्पिरियन्सेस विभागात जमा होतात. पण चित्रातले पात्र जन्मले स्टुडिओत, म्हणून त्यातला काही वाटा स्वामित्वशुल्क म्हणून एंटरटेनमेंट विभागाच्या नावे टाकला जातो. तो वाटा किती असावा यावरून आत काय रस्सीखेच चालत असेल, याची कल्पना कुठल्याही दोन भावांच्या दुकानदाराला येईल.

प्रश्न : स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी आता एकाच मालकाचे झाले म्हणतात. तो मालक डिस्ने की रिलायन्स?
(गृहिणी, नांदेड)

रिलायन्सचा हात वर आहे. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी डिस्नेचा स्टार व्यवसाय आणि वायकॉम१८ यांचे एकत्रीकरण पूर्ण झाले आणि जिओस्टार उभी राहिली. 'जिओहॉटस्टार' तिचेच. त्यावेळी वायकॉम१८ कडे ४६.८२ टक्के, रिलायन्सकडे थेट १६.३४ टक्के आणि डिस्नेकडे ३६.८४ टक्के अशी वाटणी होती. वायकॉम१८ रिलायन्सच्याच ताब्यात असल्याने पहिले दोन आकडे एकत्रच धरावे लागतात. रिलायन्सने ११,५०० कोटी रुपये घातले आणि नव्या कंपनीचे मोल ७०,३५२ कोटी धरले गेले. स्टार प्रवाह स्टारच्या बाजूने आली, कलर्स मराठी वायकॉम१८ च्या बाजूने. झी मराठीचा या घराशी संबंध नाही.

या नव्या कंपनीचेही आत तीन भाग केले गेले : मनोरंजन, डिजिटल आणि खेळ. कारण क्रिकेट. जून २०२२ च्या लिलावात २०२३ ते २०२७ च्या आयपीएलचे भारतीय उपखंडातले टीव्ही हक्क स्टारने २३,५७५ कोटींना घेतले होते आणि भारतातल्या डिजिटल हक्कांचा मुख्य संच वायकॉम१८ ने २०,५०० कोटींना. एकमेकांच्या अंगावर धावून जाऊन घेतलेली ही दोन्ही ओझी आता एकाच पाठीवर आली. म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता देताना अटी घातल्या. आयपीएल, आयसीसी आणि बीसीसीआय यांच्या सामन्यांतल्या जाहिरातींच्या जागा एकमेकींना बांधून विकायच्या नाहीत, ही त्यातली एक. आयपीएलची जागा हवी असेल तर दुसरी मालिकाही घ्या, असे जाहिरातदाराच्या गळ्यात मारता येऊ नये.

डिस्नेच्या हिशेबावर याचा परिणाम सरळ आहे. ताबा गेला, त्यामुळे स्टारचे उत्पन्न तिच्या उत्पन्नात मिळवणे थांबले. आता जिओस्टारच्या नफ्यातोट्यातला आपल्या हिश्शाचा भाग ती एका ओळीत दाखवते. २०२५ मध्ये डिस्नेचे भारतातले उत्पन्न एकाएकी नाहीसे झालेले दिसले, तर धंदा बुडाला असे समजू नका.

प्रश्न : इथले टोकियो डिस्नेलँड डिस्नेचेच ना?
(मराठी वाचक, योकोहामा)

नाही. १५ एप्रिल १९८३ ला उघडलेले ते पार्क ओरिएंटल लँड या जपानी कंपनीचे आहे. डिस्नेला मिळते ते स्वामित्वशुल्क. शांघायमध्ये डिस्नेची मालकी ४३ टक्के आहे, पण चालवणाऱ्या कंपनीत ७० टक्के. हाँगकाँगमध्ये तिथले सरकार बहुमतात आहे. पॅरिसचे पार्क १९९२ मध्ये सुरू झाले आणि २०१७ मध्ये पूर्ण डिस्नेकडे आले. शांघाय आणि हाँगकाँगचे उत्पन्न डिस्ने पूर्ण मोजते आणि भागीदाराचा नफा शेवटी वजा करते. टोकियोचे मात्र फक्त शुल्क येते.

प्रश्न : मी थोडेफार शेअर घेतो. अशा कंपनीचा कोणता भाग कमावतो, हे अहवालातून कसे काढायचे?
(शिक्षक, अमळनेर)

अमेरिकी कंपनीचा वार्षिक अहवाल, ज्याला 'टेन-के' म्हणतात, तिथल्या रोखे आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. अध्यक्षांचे पत्र आणि रंगीत पाने सोडा, टिपांमधली सेगमेंटची टीप उघडा. प्रत्येक विभागाचे उत्पन्न, नफा आणि घसारा तीन वर्षांचे उतरवून घ्या. मग आंतरविभागीय वजावट कुठे आहे ते पाहा. त्यानंतर विभागांच्या नफ्यापासून शेवटच्या नफ्यापर्यंत उतरणारा तक्ता वाचा. हा तक्ता बहुतेक जण बघतच नाहीत. डिस्नेच्या विभागांचा नफा १५.६० अब्ज होता, भागधारकांच्या वाट्याला आला तो ४.९७ अब्ज. मध्ये मुख्यालयाचा सुमारे १.४ अब्जांचा खर्च आहे, पुनर्रचना आणि मालमत्तेचे मोल घटवल्याची सुमारे ३.६ अब्जांची नोंद आहे, फॉक्ससारख्या पूर्वी विकत घेतलेल्या कंपन्यांच्या किमतीची दरवर्षी दाखवायची झीज आहे, व्याज आणि कर आहे. यातले काहीही कुठल्याच विभागप्रमुखाच्या पानावर दिसत नाही.

रचना बदललेल्या वर्षात जुन्या अहवालातले आकडे घेऊ नका. कंपनी मागची वर्षे नव्या साच्यात पुन्हा मांडून देते, तेच वापरा. २०२० चा 'स्टुडिओ' आणि २०२४ चा 'एंटरटेनमेंट' शेजारी ठेवून वाढ मोजलीत तर उत्तर काहीही येईल.

भारतीय कंपनीकडे वळताना अपेक्षा थोडी कमी ठेवा. झी एंटरटेनमेंट स्वतःला एकाच सेगमेंटची, आशयनिर्मिती आणि प्रक्षेपण यांची, कंपनी मानते. त्यामुळे सेगमेंटच्या टिपेत झी मराठी किती कमावते ते सापडणार नाही. झी५ या तिच्या ओटीटीचे उत्पन्न आणि नफातोटा मात्र तिमाही निकालांसोबतच्या सादरीकरणात वेगळा दिलेला असतो. तोटा असेल तर तो एकूण नफ्यात परत मिळवलात, नफा असेल तर वजा केलात, की उरलेल्या व्यवसायाचा, म्हणजे मुख्यतः वाहिन्यांचा, ढोबळ अंदाज येतो.